घाव आणि शोभा
(सावेडी येथील ज्ञातिसंमेलनात एका तांबट कारागिराने केलेले भाषण)



सौंदर्य हा पंडितांचा विषय; त्यावर हातोडा धरणाऱ्याने बोलावे याचे काहींस नवल वाटेल. परंतु ज्याच्या हातून वस्तू घडते, त्यालाही याविषयी काही सांगावयाचे असते.

घंगाळावरील मठाराच्या ओळी पाहून लोक म्हणतात, "नक्षी किती सुरेख!" वास्तविक ती नक्षी नव्हे. तांबे तापविले की नरम होते, ठोकले की कडक होते. आकार आल्यावर भांडे खरवईवर धरून, गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने घावाशेजारी घाव घालीत मठारतात, ते त्यास बळकटी यावी म्हणून. झळाळी त्या बळकटीच्या पाठोपाठ येते. जेथे घाव चुकतो तेथे भांडे कच्चे राहते आणि डोळ्यासही तेथेच खुपते. शोभा व उपयोग ही एकाच घावाची दोन लेकरे आहेत.

निसर्गाचीही हीच रीत. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारा सुगरणीचा खोपा नर विणतो आणि मादी पारखते. तो आपणांस सुंदर दिसतो; पण विणला जातो तो पिलांसाठी.

आपण देशावरची माणसे; समुद्र आपणांस दूरचा वाटतो. तथापि आज अहिल्यानगर म्हणविणाऱ्या याच शहरातून राज्य करणाऱ्या निजामशाहीचे चौल हे नामांकित बंदर होते, आणि 1570-71 मध्ये येथील फौजेने तेथील पोर्तुगीजांस वेढा घातला होता. चौल-रेवदंड्यास जाल तेव्हा कोट पाहून झाल्यावर ओहोटीची वाळूही पाहावी. तिच्यावरील वळ्या थेट मठाराच्या ओळींसारख्या दिसतात. समुद्राने त्या शोभेसाठी काढलेल्या नाहीत. पाणी वाळू सारीत गेले, त्याची ती खूण होय. शंखही जुने घर न मोडता त्याच्या तोंडाशी नवा थर चढवीत वाढतो. त्या वाढीतूनच त्याचे वळण साधते.

आज यंत्राने दाबून मठाराच्या खुणा उठविलेली भांडी बाजारात मिळतात. यंत्राचा मला द्वेष नाही. त्याने गरिबाघरी स्वस्त भांडी पोहोचविली. परंतु जिच्यामागे घाव नाही, ती खूण उसनी होय.

आपली मुले डॉक्टर, इंजिनिअर होत आहेत, याचा मला अभिमान आहे. मात्र घाव नीट बसला की नाही हे कान सांगतो, आणि ते ऐकण्याची विद्या पुस्तकात उतरत नाही. हात थांबले की ती संपते. म्हणून माझी एकच विनंती आहे. ज्ञातीच्या शिष्यवृत्त्यांपैकी एक, वृद्ध कारागिराजवळ बसून शिकणाऱ्या मुलास अथवा मुलीस द्यावी; आणि शिकविणाऱ्यासही मानधन द्यावे. हारतुऱ्यांनी त्याचा सत्कार पुष्कळ झाला. आता त्याच्या शेजारी शिष्य बसवा.