अपंग बालकाचे शिक्षण हे सरकारचे देणे आहे

(कारंजा लाड येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेपुढे केलेले भाषण)



नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांपुढे बोलावयास उभा राहिलेला वक्ता बहुधा बावीस प्रतिज्ञांविषयी बोलतो. मी आज शाळेविषयी बोलणार आहे; आणि शाळेतही अशा मुलाविषयी की ज्याचे नाव आपल्या सभांत क्वचितच निघते. त्याला दिसत नाही, किंवा ऐकू येत नाही, किंवा चालता येत नाही, किंवा त्याची समज इतरांच्या मानाने सावकाश वाढते. अशी मुले आपल्या वस्तीत आहेत. त्यांतील कित्येक घरी बसून आहेत. त्यांना घरी कोणी बसविले आणि त्यांना शिकविण्याची जबाबदारी कोणाची, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम आपल्या घरापासून आरंभ करू. अपंग मूल जन्मास आले की शेजारीपाजारी काय म्हणतात, ते आपणांस ठाऊक आहे. गेल्या जन्मीचे भोग, आईबापांचे पाप, नशीब! दीक्षा घेतल्यानंतरही हे शब्द कित्येक घरांतून गेलेले नाहीत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते हे मत साफ नाकारले आहे. अशा मताचा उपयोग काय, तर दुबळ्यांच्या दुःस्थितीची जबाबदारी राज्यावर वा समाजावर येऊ नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. हा विचार आपल्या विषयास तंतोतंत लागू पडतो. जो बाप म्हणतो की माझ्या मुलाचे हे भोगच आहेत, तो नकळत सरकारला पावती लिहून देतो की तुमच्याकडे माझे काही येणे नाही. येणे आहे! ते किती आहे, हे मी आपणांस सांगणार आहे.

आता सरकारच्या बाजूकडे वळू. दहा वर्षांपूर्वी सरकारी कागदांत अपंगांना 'दिव्यांग' म्हणावयाचे ठरले. हेतू चांगला असेल. परंतु गोड नावाचा अनुभव आपल्या समाजाने फार पूर्वी घेतला आहे. आपणांस 'हरिजन' म्हणण्याचे कायद्याने ठरू लागले तेव्हा, १९३८ साली, बाबासाहेब आणि त्यांच्या पक्षाचे सभासद मुंबईच्या कायदेमंडळातून उठून बाहेर गेले होते. देवाचे नाव दिल्याने विहीर खुली होत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तद्वत 'दिव्य' म्हटल्याने शाळेची पायरी उतरती होत नाही आणि आंधळ्या मुलाच्या हाती ब्रेल पुस्तक पडत नाही. म्हणून सरकारने काय नाव दिले यापेक्षा काय दिले, हे आपण विचारले पाहिजे.

सरकारला हिशेब कसा विचारावा, याचा धडा आपणांस घरातच मिळाला आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. सरकार शिक्षणावर दरमाणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या करातून दरमाणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. त्याच भाषणात त्यांनी दाखविले की प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. त्यांनी गाऱ्हाणे गायले नाही, कोणाची दया मागितली नाही. किती घेता आणि किती देता, एवढेच त्यांनी विचारले. हीच रीत आज आपण अपंग बालकाच्या बाबतीत वापरावयाची आहे.

सरकारचे देणे काय आहे ते आता पाहू. घटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती मुदत १९६० साली संपली आणि वचन कागदावर राहिले. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविला. २००२ साली घटनादुरुस्तीने '२१-अ' हे कलम घातले गेले आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा अमलात आला. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग बालकांचा समावेश या कायद्यातील वंचित गटात झाला. ज्याचे अपंगत्व फार तीव्र आहे त्याला घरी राहून शिकण्याचा पर्यायही त्याच दुरुस्तीने दिला.

यापुढे २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा येतो. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. या कायद्यात एकवीस आहेत. ज्याचे अपंगत्व चाळीस टक्के वा त्याहून अधिक आहे, अशा सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक बालकास जवळच्या शाळेत, अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षण मिळालेच पाहिजे. पुस्तके, शिकण्याची साधने आणि सहायक उपकरणे अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य द्यावयाची आहेत. दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करून कोणास कशाची गरज आहे आणि ती किती भागली, हे नोंदवावयाचे आहे. त्यातील पहिली पाहणी कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत व्हावयाची होती. ही सारी कायद्याची आज्ञा आहे. तिच्यात उपकाराचा शब्द कोठेही नाही.

मग स्थिती काय आहे? २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्याच शिरगणतीप्रमाणे देशातील पाच ते एकोणीस वर्षांच्या अपंग मुलांपैकी ६१ टक्के शिक्षण घेत होती आणि २७ टक्के मुलांनी शाळेत कधी पाऊलच ठेवले नव्हते. म्हणजे चार अपंग मुलांमागे एकाहून अधिक मूल शाळेस पूर्णपणे पारखे. १९२७ साली शंभरातील अठरा चौथीपर्यंत पोहोचत, म्हणून बाबासाहेब सरकारला जाब विचारीत होते. येथे शंभरातील सत्तावीस मुले पहिलीपर्यंतसुद्धा पोहोचलेली नव्हती!

पैशाचे पाहू. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या दर बालकामागे वर्षास ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. शाळेच्या नित्य खर्चाखेरीजची ही रक्कम आहे, हे मान्य. परंतु भागाकार करून पाहा; दिवसाला दहा रुपयेही पडत नाहीत. त्यात उपकरण, ने-आण, सोबत्याचा भत्ता, उपचार, सारे बसवावयाचे!

आणि आपल्या डोळ्यांसमोर काय घडले आहे? कारंज्याच्या मुलुखातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पंचावन्न हजार कोटींहून अधिक खर्चाने बांधला गेला. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा. रस्ता नको असे मी म्हणत नाही. शेतमाल जावा, रोगी वेळेवर नागपुरास पोहोचावा. परंतु ज्या राज्याला डोंगर पोखरून बोगदे काढता येतात, त्याला शाळेच्या तीन पायऱ्यांशेजारी एक उतार बांधता येत नाही, हे मी ऐकून घेणार नाही. पैसा आणि कौशल्य दोन्ही आहे. कोणाचे काम आधी करावयाचे, हे ठरविताना हे मूल यादीत खाली राहते.

आपला वाशीम जिल्हा २०१८ साली केंद्र सरकारने 'आकांक्षित' जिल्ह्यांत घातला. महाराष्ट्रात असे जिल्हे चारच: नंदुरबार, धाराशिव, गडचिरोली आणि वाशीम. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, पाणी आहे का, वीज आहे का, पुस्तके वेळेवर मिळाली का, याचे या योजनेत मोजमाप होते, आणि ते व्हावयासच हवे. परंतु अपंग बालकासाठी त्यात वेगळे मोजमाप ठेवलेले नाही. जे मोजले जात नाही त्याविषयी अधिकाऱ्याला कोणी विचारीत नाही, आणि ज्याविषयी विचारले जात नाही ते काम मागे पडते.

शिक्षकांची गोष्ट अशीच आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिक शाळांत दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यावरील वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सांगितले. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ४,८६० पदे मंजूर केली, म्हणजे दर केंद्रास एक. एका केंद्रात दहा-पंधरा शाळा येतात. एका शिक्षकाने त्या साऱ्या फिरावयाच्या! काही नसण्यापेक्षा हे बरे, परंतु यास पुरेसे कोणी म्हणू नये. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाला सर्व राज्यांना पुन्हा सांगावे लागले की पदे जाहीर करा.

दुसरी अडचण खात्यांची आहे. साधारण शाळा शिक्षण खात्याकडे, तर अपंगांच्या विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय खात्याकडे आणि २०२२ अखेरपासून नव्या दिव्यांग कल्याण खात्याकडे. स्वतंत्र खाते झाले हे ठीक. परंतु 'शिक्षण' हा एक विभाग आणि 'कल्याण' हा दुसरा, अशी वाटणी झाली की बाप या दारातून त्या दारात फिरत राहतो. शिवाय २०१७ साली सरकारने कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचे ठरविले, तेव्हा असे सांगण्यात आले की मुले शेजारच्या शाळेत जातील. धडधाकट मूल दोन कोस चालेल. ज्याचे पाय चालत नाहीत ते कसे जाणार, याचा विचार त्या निर्णयात कोठे होता?

तथापि जाब विचारल्याने फळ मिळते, हेही मी आपणांस सांगितले पाहिजे. खासगी शाळांत वंचित गटासाठी २५ टक्के जागा आहेत. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकारने नियम बदलून, ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे तिला या अटीतून सोडविले. लोक न्यायालयात गेले. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. सरकारने लिहिलेले सरकारला मागे घ्यावे लागते, मात्र त्यासाठी कोणीतरी उठले पाहिजे.

आता आपण काय करावयाचे, ते ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, मुलाचे नाव शाळेत घाला. मुख्याध्यापक तोंडी नाही म्हणाले तर अर्ज लेखी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी नकाराला पुरावा नसतो. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिण्यास भिऊ नका. महाराष्ट्राने नवबौद्धांना सवलती लागू केल्या आहेत, आणि केंद्राच्या १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचे हक्क कायम आहेत. धर्म बदलल्याने मुलाचा हक्क बुडतो, ही भीती घालणाऱ्याचे ऐकू नका.

दुसरी गोष्ट, अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढा. एक खेप वाया गेली म्हणून सोडू नका. मात्र प्रमाणपत्र नाही या कारणाने वर्गात बसू न देणे गैर आहे, हेही ठामपणे सांगा.

तिसरी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समितीत जा. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावयाचे, निम्म्या स्त्रिया असावयाच्या, आणि वंचित गटातील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावयाची, असा कायदा आहे. अपंग मुलाच्या आईने त्या जागेवर बसावे. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. उतार, कठडा, बसता येईल असे शौचालय, हे त्या आराखड्यात लिहून घ्या.

चौथी गोष्ट, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जात पंचायत समितीला आणि नगरपरिषदेला विचारा. कारंजा तालुक्यात विशेष गरजा असलेली किती बालके नोंदली आहेत? विशेष शिक्षकांची पदे किती मंजूर आणि किती भरलेली? गेल्या वर्षी किती रक्कम आली आणि कशावर खर्च झाली? उपकरणे कोणत्या तारखेस वाटली? तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे; न आल्यास अपील करा.

पाचवी गोष्ट, हक्क नाकारला गेला तर शिक्षण हक्क कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या. तीन महिन्यांत निर्णय झाला पाहिजे. त्यावर राज्याच्या बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. पुण्यास अपंगांचे आयुक्त आहेत, त्यांच्याकडेही दाद मागता येते.

हे एकट्या बापाने करावयाचे काम नाही. मजुरी बुडवून तो किती वेळा वाशिमास जाईल? म्हणून प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील अशा मुलांची वही ठेवावी: नाव, वय, अडचण, शाळेत आहे की नाही, कोणता अर्ज कोणत्या तारखेस दिला. दर पौर्णिमेस वंदना झाल्यावर ती वही उघडावी आणि कोणते काम अडले ते वाचावे. लिहिता येणाऱ्या तरुणांनी अर्ज लिहावेत, आणि ज्याला सवड असेल त्याने आईबरोबर कचेरीत जावे.

या गावातील जैन भांडारांनी शेकडो वर्षांच्या हस्तलिखित पोथ्या जिवापाड जपल्या. कारंज्याला विद्येची किंमत कळत नाही असे नाही. परंतु आपल्या पूर्वजांना विद्येचा दरवाजा बंद होता, आणि तो उघडावयास किती पिढ्या गेल्या हे आपण जाणतो. आता आपण आत आलो आहोत. आपल्याच घरातील एक मूल उंबऱ्याबाहेर राहिले असेल, तर त्याच्यासाठी पुन्हा त्याच दरवाजापाशी उभे राहणे, हे आपले काम आहे. सभा संपल्यावर येथेच पहिली वही सुरू करू. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी संकोच न धरता नाव सांगावे.

जय भीम.