जेवणाची सुट्टी कुणाच्या घड्याळाने?

(कामगार स्त्रियांच्या शिबिरात केलेले भाषण)

सकाळी किमान वेतनावर आणि कामाच्या जागी होणाऱ्या छळावर बोलणे झाले. त्यानंतर मी जेवणाच्या सुट्टीवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. मीही एकेकाळी हसले असते. एम.एस.डब्ल्यू. करताना श्रम कायद्यातला हा भाग आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून टाकायचो. पुढे एका लहानशा कारखान्यातल्या बायांनी तो मला पुन्हा शिकवला.

२०१८ सालची गोष्ट. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचे काम करणाऱ्या ३८ बाया होत्या. काम सकाळी आठ ते साडेचार, जेवण साडेबाराला. एका सोमवारी सुपरवायझरने सांगून टाकले, उद्यापासून जेवण दोन वाजता. माल न्यायला ट्रक एक वाजता येतो, तो भरून निघेपर्यंत लाइन थांबवायची नाही.

दीड तासाने असा काय फरक पडतो? मालकाने हाच प्रश्न विचारला. वर म्हणाला, "घरी तरी तुम्ही दोन-तीनलाच जेवता ना?" खोटे नव्हते ते. घरी आपण सगळ्यांचे उरकल्यावर जेवतो. पण या बाया पहाटे साडेचारला उठत, पाणी भरत, सगळ्यांचे डबे करत आणि कपभर चहावर घराबाहेर पडत. साडेबाराचा डबा हे त्यांच्या पोटात जाणारे दिवसातले पहिले अन्न. एकीला साखरेचा आजार. सकाळी गोळी घेतलेली, खायला उशीर झाला की हात कापायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एक वयस्क मावशी म्हणाल्या, "दिवसातलं हे एकच जेवण मी बसून जेवते. मधे कुणी उठवत नाही, वाढ म्हणत नाही."

मी कायद्याचे पुस्तक घेऊन मालकाकडे गेले. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ५५ स्पष्ट होते. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती द्यायची. आठ ते दोन म्हणजे सहा तास झाले. मालक भांडला नाही. म्हणाला, "मग जेवणाची सुट्टीच नको. दहा-दहा मिनिटांचे दोन चहा घ्या आणि साडेचारऐवजी चारला घरी जा."

आणि दुसऱ्या दिवशी आमच्यात फूट पडली.

१४ जणी म्हणाल्या, आम्हाला हे चालेल. बहुतेक तरुण, लहान मुलांच्या आया. मुले शेजारणीकडे ठेवलेली, आणि शेजारीण साडेचारला स्वतःच्या धुण्याभांड्याच्या कामावर निघणारी. मी त्यांना सांगू लागले, जेवणाची सुट्टी हा तुमचा हक्क आहे, तो असा विकता येत नाही. एकीने मला थांबवले. "ताई, भूक मी मारीन. पोराला कुठं ठेवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. वाईट याचे वाटते की तेव्हा मी तिच्यावर चिडले. मला वाटले, हिच्यात जाणीवच नाही. खरे तर जाणीव माझ्यात कमी होती. मी कारखान्यातला दिवस पाहत होते, ती पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस पाहत होती.

त्यानंतर वस्तीत तीन बैठका घेतल्या. भाषण नाही, फक्त प्रत्येकीने आपला दिवस सांगायचा. तिसऱ्या बैठकीत गोष्ट उलगडली. त्याच कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे तीसपेक्षा जास्त स्त्रिया काम करतात तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवे होते. मालक म्हणे, माझ्या २० बायाच, बाकी १८ ठेकेदाराच्या. पण कायदा ठेकेदारामार्फत आलेल्यांनाही कामगारच मोजत होता. पाळणाघर असते तर त्या १४ जणींना जेवण देऊन अर्धा तास विकत घ्यावा लागला नसता. भांडण जेवू पाहणाऱ्या आणि घरी पळू पाहणाऱ्या बायांचे नव्हतेच. मालकाचे एक देणे बुडले होते, ते तो आमच्या डब्यातून वळते करून घेत होता.

मग एकच अर्ज केला, ३८ जणींच्या सह्या-अंगठ्यांचा. जेवण वेळेवर आणि पाळणाघर. ट्रकचा तोडगाही बायांनीच काढला. निम्म्या साडेबाराला जेवतील, निम्म्या एक वाजता. पाच तासही पाळले जातात आणि लाइनही थांबत नाही. मालकाने ते मानले.

पाळणाघर मात्र झाले नाही. दिवाळीनंतर ठेकेदाराने काही बायांना बोलावलेच नाही आणि आकडा तिसाच्या आत आला. काम गेलेल्यांत त्या १४ पैकी चौघी होत्या. हेही सांगायला हवे, कारण शिबिरांत आपण जिंकलेलेच तेवढे सांगतो. ठेक्यावरच्या बायांच्या कामाची हमी आधी मागायला हवी होती. ती चूक माझी.

ही मागणी नवी नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन केले. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्धा तास विश्रांती ही मागणी होती. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचा दिवस अकरा तासांवर आणला, त्यात दीड तास विश्रांतीचा ठेवला. दुपारचा घास असा सभा घेऊन मिळवलेला आहे.

आज तो पुन्हा सैल होतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. पूर्वी पाच तासांचा आकडा कायद्याच्या कलमातच होता. आता विश्रांती किती वेळाने आणि किती, हे संहितेने शासनाच्या नियमांवर सोपवले आहे. कलम बदलायला विधिमंडळ लागते, नियम अधिसूचनेने बदलतो. म्हणून नियमांवर नजर ठेवणे हे आपले काम आहे. एक आधार अजून आहे. कामाचे तास आणि विश्रांतीच्या वेळा बदलायच्या तर २१ दिवस आधी नोटीस देण्याची तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, ती नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. "उद्यापासून दोन वाजता" असे तोंडी सांगितले तर नोटीस कुठे आहे, हे विचारा.

आपापल्या वस्तीत परत गेल्यावर प्रत्येकीला तीन गोष्टी विचारा. घरून निघताना काय खाल्लेस? पहिला घास किती वाजता मिळतो? आणि सुट्टी नको, लवकर सोडा म्हणणारी कुणी असेल तर तिला घरी कशाची घाई आहे? तिसरा प्रश्न विसरू नका. मी विसरले होते.

आता एक वाजत आला. मघाशी मी आपल्या शिबिराचा स्वयंपाक करणाऱ्या बायांना विचारले, तुम्ही कधी जेवणार? त्या म्हणाल्या, "तुमचं झाल्यावर." आज पहिल्या पंगतीला त्यांना बसवू या. वाढायला मी आहे, आणखी चौघी या.