पदपथावरचा माणूस आणि नगराची सुरक्षा

(छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संकलित भाग)



८ मे २०२० ची पहाट या जिल्ह्याच्या विस्मरणात जाणे शक्य नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातील मजूर टाळेबंदीमुळे गावाकडे पायी निघाले होते. गाड्या बंद आहेत या समजुतीने त्यांनी रुळांची वाट धरली, करमाडजवळ थकून रुळांवरच पाठ टेकली आणि पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांत विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली.

या माणसांना घरदार होते. उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांत त्यांची माणसे वाट पाहत होती. हाताला काम होते, अंगात बळ होते. काम थांबले आणि काही आठवड्यांत ती निराधार झाली. बेघर म्हटले की डोळ्यांसमोर चौकातला भिकारी किंवा नशेत पडलेला इसम येतो. करमाडला रुळांवर झोपलेले होते ते कष्टकरी. त्या दिवसांत महामार्गांवर शिधा आणि अन्नाची पाकिटे घेऊन स्वयंसेवक उभे होते, हे खरे. परंतु रुळांच्या वाटेकडे लक्ष कोणाचे जाणार? सेवा करणाऱ्याचीही नजर मळलेल्या वाटेवरूनच फिरते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार आणि महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांहून अधिक माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. आपल्या नगरातले बेघर कोण, हे पाहायचे तर रात्री अकरानंतर रेल्वेस्थानक, मध्यवर्ती बसस्थानक आणि घाटी रुग्णालयाच्या आवारात एक फेरी मारावी. मजूर अड्ड्यावर पहाटे उभे राहणारे असतात. घरातून पळून आलेली मुले असतात. मुलांनी वाटणी करून घेतल्यावर ज्यांच्या वाटणीला कोणी आले नाही, असे म्हातारे आईबाप असतात. मन हरवलेले, स्वतःचे नाव न सांगणारे असतात. घाटीच्या आवारात चादर पसरणारे तर बीड, जालना, परभणी, हिंगोलीचे. आतल्या खाटेवर त्यांचा रुग्ण असतो.

आता दुसरी बाजू. ज्या वसाहतीच्या तोंडाशी रात्री टोळके बसते, जिथे नशेच्या गोळ्या हातोहात फिरतात, तिथून शिकवणीहून परतणाऱ्या मुलीच्या आईला भीती वाटते. ही भीती खोटी नाही आणि तिला ‘मध्यमवर्गीय मानसिकता’ म्हणून हिणवणाऱ्यांनी त्या रस्त्याने एकदा चालून पाहावे. मात्र टोळके आणि त्याच रस्त्यावर मुटकुळे करून झोपलेला म्हातारा, यांना एकाच मापाने मोजणे ही चूक आहे. १९६० च्या दशकात मुंबईत रामन राघवने ज्यांची डोकी ठेचली, त्यांत बहुतेक पदपथावर आणि झोपड्यांत झोपणारे गरीबच होते. गुन्हा आधी दाराबाहेरच्या माणसापर्यंत पोहोचतो, दाराच्या आत नंतर. उघड्यावर रात्र काढणाऱ्या स्त्रीला हे कोणी शिकवावे लागत नाही.

भीतीचे रूपांतर संशयात आणि संशयाचे जमावात झाले की काय घडते, ते धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याने दाखवले. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. पिढ्यान् पिढ्या दारोदार देवाचे नाव घेऊन भिक्षा मागणारा हा समाज. ज्या दारी कधीकाळी त्याला पसाभर धान्य आणि नमस्कार मिळत होता, त्याच समाजाच्या हातून हे घडले. पुढे २०२४ मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. पालघरच्या गडचिंचले येथे एप्रिल २०२० मध्ये दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती मारले गेले, तेव्हा आपण सारे व्यथित झालो. तिथेही चोर-दरोडेखोर आल्याच्या अफवा आधीपासून पसरल्या होत्या. साधूंसाठी जे अश्रू आले, ते डवरी गोसाव्यांसाठीही यायला हवेत.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, शिक्का मनात राहिला. भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने राईनपाड्याच्या अवघे काही महिने आधी आपला अहवाल दिला होता. ज्याला गाव नाही त्याला दाखला नाही, शिधापत्रिका नाही, हे दुखणे त्याने पुढे आणले. घुसखोरांचा प्रश्न खरा आहे, त्यासाठी कागद तपासलेच पाहिजेत. पण ते पोलिसांचे काम आहे. आणि ज्यांच्याकडे कागद नाही त्यांत शेकडो वर्षे याच मातीत फिरणारा आपला बांधव आहे, हेही ध्यानात असावे. तुळजापूरजवळच्या यमगरवाडीत गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पारध्यांच्या मुलांना एकत्र आणून शाळा उभी केली, तेव्हा भोवतालच्या गावांतही संशय होताच. ती मुले नावाने ओळखली जाऊ लागली, तसा तो ओसरत गेला.

करुणा आणि सुरक्षा यांचा सांधा इथेच आहे. ज्याचे नाव वस्तीला ठाऊक आहे त्याच्यापासून वस्तीला भय कमी, आणि वस्तीपासून त्यालाही.

कायदा याबाबत पुष्कळ पुढे गेला आहे, समाजाला त्याची वार्ता नाही इतकेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेणे, चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणे आणि त्याच्या कुटुंबाचा शोध घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. डॉ. भरत वाटवानी यांनी मुंबईत नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिणारा एक तरुण पाहिला. उपचारांनंतर कळले, तो आंध्रातला पदवीधर, वडील जिल्हा परिषदेत अधिकारी. त्यातून उभ्या राहिलेल्या कामामुळे हजारो जण आपल्या घरी परतले आणि २०१८ मध्ये डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी घर उभारले. एकट्या मुलासाठी १०९८ आणि निराधार वृद्धासाठी १४५६७ हे क्रमांक घराघरांत पाठ हवेत.

निवाऱ्याचे निकषही ठरलेले आहेत. लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायम निवारा, असा दंडक शहरी उपजीविका अभियानाने घातला. २०११ मध्येच या नगराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. म्हणजे किमान अकरा निवारे. किती आहेत, किती उघडे असतात आणि तिथे जायला माणूस का कचरतो, हे नगरसेवकाला विचारायला हरकत नाही. नवरा-बायकोला वेगळे करणारा, गाठोडे ठेवू न देणारा, कामाच्या जागेपासून दूर असलेला निवारा रिकामाच राहायचा.

याच जिल्ह्यातल्या पैठणला गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारे वंचिताचे मूल नाथमहाराजांनी कडेवर घेतले. त्यांनी आधी त्याची जात विचारली नाही, घर विचारले. आणि मूल घरी पोहोचवले. गाडगेबाबा तर स्वतः पदपथावर राहिले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या मागे त्यांच्या मिशनने दादरला धर्मशाळा उभारली. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातलग तिथे राहतात.

तसे रुग्ण आपल्याही नगरात येतात. शासकीय कर्करोग रुग्णालयातील किरणोपचार अनेकदा पाच-सहा आठवडे चालतात. रोजचे उपचार काही मिनिटांचे. उरलेला दिवस आणि सारी रात्र त्या हिंगोलीच्या शेतकऱ्याने कोठे काढायची? चातुर्मासात लग्ने नसतात आणि नगरातली मंगल कार्यालये रिकामी पडून असतात. त्यांच्या किल्ल्या ज्या विश्वस्तांकडे आहेत, त्यांपैकी कित्येक जण आज या सभागृहात बसलेले आहेत.