फायरवॉल नवा, नोंद जुनी

फायरवॉल बदलला. आयपी तेच, नियम तेच, ऑफिसात इंटरनेट चालू. पण मेल सर्व्हर आणि वेबसाइट बाहेरून बंद. जुनं मशीन परत लावलं की सगळं सुरळीत! मग खापर नव्या मशीनवर फुटतं.

थांबा. आधी बाहेरच्या पोर्टवर टीसीपीडम्प लावा. मेलच्या आयपीसाठी पॅकेट येतच नसतील, किंवा त्यांवर जुन्या कार्डाचा मॅक पत्ता असेल, तर नियमांना हात लावू नका. प्रोव्हायडरच्या राउटरमध्ये, एआरपी तक्त्यात, त्या आयपीसमोर अजून जुनंच कार्ड आहे. सिस्को राउटरवर ही नोंद एरवी 4 तास टिकते.

मुख्य आयपी चालतो, कारण गेटवे शोधताना नवं मशीन त्याच आयपीवरून विचारणा करतं आणि राउटर नोंद बदलतो. जादा आयपींवरून कोणी विचारतच नाही! ते काम आपलं: प्रत्येक जादा आयपीसाठी 'आर्पिंग -यू' चालवा. काही राउटर तेही मानत नाहीत, सुरक्षेसाठी मुद्दाम. मग प्रोव्हायडरला फोन करून नेमकं सांगा, "आमच्या आयपींची एआरपी क्लिअर करा." नुसतं "नेट बंद आहे" म्हणालात, तर मोडेम बंद-चालू करायला लावतील.