निवृत्त होण्यापूर्वी



आम्ही अनुदानित माध्यमिक शाळेतून ५८व्या वर्षी निवृत्त झालो; पेन्शन मात्र अकरा महिन्यांनी हाती पडली. सेवापुस्तकात दोन वर्षांच्या सेवेची पडताळणीच नव्हती. महालेखापालांकडे गेलेला प्रस्ताव परत आला. सेवापुस्तक आम्ही कधी उघडून पाहिले नव्हते, ही चूक आमचीही.

म्हणून शिक्षक सभासदांना विनंती, निवृत्तीच्या दोन वर्षे आधी सेवापुस्तक स्वतः तपासा. जन्मतारीख, पडताळणी, नामनिर्देशन पाहा. पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, हे १९८२ च्या नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पण हक्कालाही कागद लागतो.

ते अकरा महिने शिकवण्यांवर घर चालले. पेन्शन सुरू झाली, तरी शिकवणे आम्ही सोडले नाही. फक्त फी सोडली. विद्यार्थ्यांनो, संध्याकाळी गणिताची वही घेऊन या.