दूरच्या केंद्राचा जवळचा आवाज

(हीरक महोत्सवातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त साठ वर्षांपूर्वीचे जबलपुरातील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. बैठकीच्या खोलीत उंच फळीवर विणकामाचे आवरण घातलेला रेडिओ, खिडकीतून गच्चीवरच्या बांबूपर्यंत गेलेली तार आणि कपाटात टपाल कचेरीतून दरवर्षी नूतनीकरण करून आणलेले परवाना-पुस्तक. घरातील कर्ता पुरुष गन कॅरेज फॅक्टरीत, खमरियाच्या आयुध निर्माणीत, रेल्वेत किंवा उच्च न्यायालयात नोकरीला. रात्रीची जेवणे आटोपली की वडीलधारे माणूस रेडिओची गुंडी अगदी हळू फिरवू लागे. खरखर, शिट्टी, मध्येच एखादे हिंदी गाणे, पुन्हा खरखर. आणि अचानक मराठी शब्द. मग स्वयंपाकघरात हाक जाई, ‘‘अगं, नागपूर लागलं!’’ भांडी तशीच टाकून घरातील बाई दाराशी येऊन उभी राही.

नागपूर रात्रीच का लागे, याचे कारण आकाशात होते. मध्यमलहरी दिवसा जमिनीलगत प्रवास करतात आणि अंतराबरोबर क्षीण होतात. वातावरणाच्या उंच भागातील विद्युतभारित थरांपैकी खालचा थर दिवसा या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरच्या थरावरून परावर्तित झालेल्या लहरी शेकडो किलोमीटरवर उतरतात. नागपूर जबलपूरपासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर. म्हणून दिवसा पुसट असणारा आवाज रात्री जवळ येई, लाटेसारखा चढे आणि ऐन रंगात आला असता बुडे. गंमत अशी की समुद्रापलीकडून येणारे रेडिओ सिलोन लघुलहरींवर स्वच्छ ऐकू येई आणि शेजारच्या नागपूरसाठी मात्र कानात प्राण आणावे लागत.

या ओढीमागे इतिहासही होता. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले आणि देशातील नियमित नभोवाणीला आरंभ झाला. नागपूरचे केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि जबलपूर त्याच प्रांतातील शहर. हिंदी आणि मराठी या दोन्ही त्या प्रांताच्या भाषा होत्या. म्हणजे नागपूर केंद्र हे जबलपूरकरांचे परके केंद्र नव्हते. ते त्यांच्या राजधानीचे केंद्र होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि त्या प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरात आले. आपले घर न सोडताही येथील मराठी माणूस नागपूरपासून वेगळ्या राज्याचा रहिवासी झाला. नकाशावर रेघ ओढली गेली. रात्रीच्या लहरी मात्र पूर्वीसारख्याच येत राहिल्या.

त्या काळच्या श्रवणाचे बळ कशात होते? ठरलेल्या वेळेत. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची गीते, सुधीर फडके यांचे संगीत; आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात छप्पन्न गीते प्रसारित झाली. आज ती सर्व गीते एका बैठकीत ऐकता येतात. त्या वेळी मात्र पुढचे गीत ऐकण्यासाठी आठवडाभर थांबावे लागे आणि ते सर्वांना एकाच क्षणी ऐकू येई. थेट प्रसारण याचा अर्थ हाच : अनेक घरांनी एकाच वेळी एक गोष्ट ऐकणे.

पुढे दूरचित्रवाणी आली. एफएमने आवाज स्वच्छ केला. परंतु एफएमच्या लहरी साधारणपणे दृष्टीच्या टप्प्यापलीकडे फारशा जात नाहीत, त्यामुळे नागपूरचे एफएम जबलपुरात येण्याचा प्रश्नच नव्हता. घरोघरी चार्जर, इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे वाढले. त्यांच्या विद्युत गोंगाटात मध्यमलहरी बुडू लागल्या. अलीकडे आकाशवाणीने अनेक मध्यमलहरी प्रक्षेपकही बंद केले आहेत. फळीवरचा रेडिओ माळ्यावर गेला. त्याबरोबर घरातून आणखी एक गोष्ट गेली आणि ती जाताना कोणाच्या लक्षात आली नाही : घराबाहेरच्या माणसाचे मराठी.

शाळेत आज येणाऱ्या मुलाची स्थिती पाहिली म्हणजे ही हानी कळते. रस्त्यावर हिंदी, बाजारात हिंदी, मित्रांत हिंदी, पडद्यावर हिंदी आणि इंग्रजी. मराठी उरते ती शाळेच्या तासांत आणि आजी-आजोबांच्या तोंडी. आजीची मराठी प्रेमळ असते, पण ती स्वयंपाक, सण आणि नातेवाईक यांभोवती फिरते. पाऊस किती झाला, धरणाचे दरवाजे का उघडले, विधिमंडळात काय ठरले, हे मराठीत सांगणारे घरात कोणी नसते. मग मुलाच्या मनात नकळत ठसते की मराठी ही घरातली भाषा आणि जगाची भाषा दुसरी. आजी गेली की त्या मुलाची मराठी कोणाशी बोलायची?

या ठिकाणी खिशातला मोबाईल कामाला येतो. प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर आकाशवाणीच्या देशभरातील दोनशेहून अधिक वाहिन्या थेट ऐकता येतात. २० नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘वेव्हज’ या प्रसार भारतीच्याच मंचावरही नभोवाणीची सोय आहे. नागपूर, मुंबईची अस्मिता वाहिनी, पुणे अशी केंद्रे आता रात्रीची वाट न पाहता, भर दुपारीही खरखरीविना ऐकू येतात.

वडीलधाऱ्यांच्या मनात याविषयी काही शंका असतात. त्यांचे निरसन करणे योग्य ठरेल. काही मोबाईलमध्ये आधीपासूनच एफएम रेडिओ असतो. तो इंटरनेटशिवाय चालतो, कानातल्या यंत्राची तार त्याचा एरियल होते आणि त्यावर फक्त जवळपासची केंद्रे लागतात. ॲपचे तसे नाही. केंद्रातील आवाजाचे लहान लहान तुकडे करून ते इंटरनेटवरून पाठवले जातात. मोबाईल त्यांतील काही तुकडे आधी साठवतो आणि मग सलग वाजवतो. म्हणून ॲपवरचा आवाज प्रत्यक्ष प्रसारणाच्या काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे असतो. पूर्वी रेडिओच्या ठोक्यावर घड्याळ लावण्याची रीत होती. ॲपच्या ठोक्यावर मात्र घड्याळ लावू नये.

दुसरी शंका खर्चाची. आवाज दर सेकंदाला ६४ किलोबिट वेगाने येत असेल, तर तासाला सुमारे २९ एमबी डेटा लागतो. रोज अर्धा तास ऐकले तर महिन्याला साधारण ४३० एमबी, म्हणजे अर्ध्या जीबीहून कमी. चित्रफिती पाहण्यात याहून कितीतरी अधिक खर्च होतो. पडदा बंद करूनही ऐकणे चालू ठेवता येते, त्यामुळे डोळ्यांना ताण नाही. सावधगिरी एवढीच की मिळत्याजुळत्या नावाची अनेक ॲपे असतात. ॲप घेताना ते प्रसार भारतीचे आहे, याची खात्री करून घ्यावी. रेडिओ ऐकवण्यासाठी संपर्कयादी किंवा छायाचित्रे मागणारे ॲप घरात आणू नये.

आता मुख्य मुद्दा. ऐकण्याने मुलाला काय मिळते? शब्द मिळतात, हे खरेच. ‘पाणलोट’, ‘अंदाजपत्रक’, ‘अतिवृष्टी’ हे शब्द पाठ्यपुस्तकात वाचले तर परीक्षेपुरते राहतात. बातम्यांत चार वेळा कानावर पडले तर जिभेवर येतात. परंतु याहून मोठी गोष्ट म्हणजे भीड चेपते. जबलपूरचे मूल ‘‘मी शाळेत जाऊन राहिलो’’ असे म्हणते. सुटीत पुण्याला गेले की चुलत भावंडे हसतात. मूल ओशाळते आणि पुढच्या सुटीत मराठीऐवजी हिंदीत उत्तर देते. भाषा अशीच सुटते. कोणी ती हिसकावून घेत नाही, बोलणाराच लाजून ती खाली ठेवतो. त्याच मुलाने नागपूर केंद्रावर एखाद्या शेतकऱ्याची मुलाखत ऐकली, आणि तो ‘‘पाऊस येऊन राहिला’’ असे निःसंकोच म्हणाला, तर मुलाला उमगते की आपले बोलणे चूक नाही. ते नागपूर-वऱ्हाडकडच्या मराठीचे सख्खे भावंड आहे. रत्नागिरीचा हेल वेगळा, कोल्हापूरचा ठसका वेगळा, जळगावची लकब वेगळी. त्या पंक्तीत जबलपूरचेही पान मांडलेले आहे. प्रमाण मराठी शाळा शिकवतेच. पण शिकण्यासाठी आधी ती बोलायला मूल लाजता कामा नये.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. फळीवरचा रेडिओ साऱ्या घराचा होता. मोबाईल एकेकट्याचा असतो. आजोबा कानात बोंडे घालून नाट्यसंगीत ऐकत बसले तर त्यांचा वेळ सुखाने जाईल, पण शेजारी बसलेल्या नातवाला काहीच मिळणार नाही. म्हणून ॲप मोबाईलमध्ये असणे पुरेसे नाही. दिवसातील एक वेळ ठरवावी; सकाळी डबे भरताना किंवा संध्याकाळी दिवेलागणीनंतर. मोबाईल पूर्वीच्या रेडिओसारखा उंच जागी ठेवावा, म्हणजे हात त्याकडे जाणार नाहीत आणि आवाज सर्वांना येईल. मुलाला ‘‘इकडे बस आणि ऐक’’ असा धाक घालू नये. ते खेळता खेळता ऐकते. फक्त जेवताना एक प्रश्न विचारावा, ‘‘आज कोणता नवा शब्द ऐकलास?’’ त्यावर घरात मराठीत चार वाक्ये बोलली जावीत. नुसत्या ऐकण्याने भाषा समजते. ती टिकते बोलण्याने.

ज्या पालकांचे स्वतःचे शिक्षण हिंदीत झाले, त्यांनी संकोच करू नये. देवनागरी लिपी दोन्ही भाषांची एकच आहे. अडतो तो कान. तो मुलाबरोबर त्यांचाही तयार होईल.

परगावी आणि परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही ही सोय तितकीच उपयोगी आहे. ‘‘जेवलास का?’’, ‘‘तब्येत कशी आहे?’’ यापलीकडे दूरध्वनीवरचे बोलणे अनेकदा सरकत नाही. रविवारी एखादा कार्यक्रम जबलपुरात आईने आणि दूरदेशी मुलाने एकाच वेळी ऐकला, तर बोलायला विषय मिळतो. ती अर्ध्या मिनिटाची तफावत सोडली, तर दोघे पुन्हा त्याच खोलीत बसलेले असतात.

साठ वर्षांपूर्वी नागपूर ऐकण्यासाठी बांबू उभारावा लागे, परवाना काढावा लागे आणि रात्र व्हावी लागे. एवढे सारे करून लोक ऐकत, कारण त्यांना ऐकायचे होते. आज यातील एकही अडचण उरलेली नाही. आता प्रश्न तेवढ्या इच्छेचाच आहे. शाळा दिवसाचे पाच-सहा तास मराठीला देते. घराने अर्धा तास द्यावा, एवढीच या महोत्सवी वर्षात शाळेची पालकांकडून अपेक्षा आहे. कोणत्याही देणगीइतकेच तिचे मोल शाळेला वाटेल.