बरोबर वजाबाकी, चुकीचे उत्तर
(टोकावडे येथील प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



टोकावड्याहून सकाळी ८ वाजता सुटलेली एस. टी. मुरबाडला ९ वाजता पोहोचली असे धरले, तर प्रवासास एक तास लागला हे चौथीतील मूलही सांगेल. हाच हिशेब दूरच्या विमानप्रवासास लावला म्हणजे मात्र घोटाळा होतो. समजा, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान लंडनला तेथील घड्याळाप्रमाणे सायंकाळी साडेसहा वाजता उतरले. मूल साडेचार तास असे उत्तर देईल. वजाबाकी बिनचूक आहे, पण विमान प्रत्यक्षात दहा तास उडत होते! अशा उत्तरावर नुसती फुली मारल्यास मुलाचा आपल्या गणितावरील विश्वास डळमळतो. कारण न सांगता सूत्र पाठ करून घेतल्यास विचार करण्याची सवयच लागत नाही.

कारण सोपे आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश, म्हणजे तासास १५ अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. त्यास १५ ने भागले की साडेपाच तास येतात. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ तेवढेच मागे असते. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा हे अंतर साडेचार तास उरते. म्हणून दोन्ही वेळा प्रथम एकाच घड्याळात आणाव्यात व मगच वजाबाकी करावी, एवढाच नियम मुलांस द्यावा.

दुसरा प्रश्न अंतराचा. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरील सपाट नकाशावर पट्टी ठेवल्यास वाट अटलांटिक महासागराच्या मध्यभागावरून जाताना दिसते. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो स्वीडन-नॉर्वेवरून उत्तरेकडे वळतो. गोलावरील सर्वांत जवळची वाट ही अशी असते. हा प्रयोग मुलांच्या हातून करवावा.

तरीही अंतरास वेगाने भागून नेमका वेळ मिळत नाही. मुंबई ते लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर; परंतु उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यामुळे येतानाचा प्रवास जाण्यापेक्षा बहुधा थोडक्या वेळात होतो. एखाद्या देशाचे आकाश बंद असल्यास वळसाही पडतो. साधनांचाही फरक आहेच. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने एअर इंडियाची मुंबई-लंडन सेवा सुरू झाली, तेव्हा वाटेत कैरो व जिनिव्हा येथे थांबावे लागले होते. आज तेच अंतर न थांबता कापले जाते. अंतर तेच राहिले, वेळ मात्र बदलला.

वर्गात एकच उदाहरण परतीचे द्यावे : हिवाळ्यात लंडनहून सकाळी १० वाजता निघालेले विमान नऊ तासांनी मुंबईस पोहोचले, तर येथे किती वाजले असतील? मध्यरात्रीनंतरचे साडेबारा हे उत्तर ज्या मुलास स्वतः शोधता आले, त्याला तारीख का बदलली हेही सांगता येईल. डोक्यावरून जाणारे विमान पाहून प्रश्न विचारणाऱ्या मुलास एवढी शिदोरी देणे प्रत्येक शाळेच्या आवाक्यात आहे. त्यासाठी एक पृथ्वीगोल, एक दोरा आणि थोडा धीर पुरेसा आहे.